सुरतेचा कापडपट्टा आणि त्याचा खानदेशी परिसर : एका चर्चेचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात कोंडाईबारी घाटाच्या पायथ्याशी वसलेले विसरवाडी हे सुरत-धुळे महामार्गावरील गाव असून खांडबारा आणि नंदुरबारकडे जाणारा रस्ता याच गावी फुटतो. येथून पश्चिमेकडे नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा मार्ग सुरतेत उतरतो. सुरतेत रिंग रोड, सलाबतपुरा, लिंबायत, उधना, पांडेसरा आणि सचिन असा सलग पट्टा पसरलेला आहे, ज्यात देशातील कृत्रिम धाग्याच्या साड्या आणि ड्रेस मटेरियल यांचा फार मोठा भाग विणला, रंगवला आणि विकला जातो. या पट्ट्याविषयी गेल्या अर्धशतकात इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि व्यापारी संघटना यांनी पुष्कळ लिहिले-बोलले आहे. मात्र हे लेखन बहुतेक वेळा शहराच्या हद्दीपाशी थांबते. पट्ट्याला लागणारे पाणी व श्रम, त्याच्या मालाचे गिऱ्हाईक आणि अलीकडे त्याचे माग ज्या पूर्वेकडील प्रदेशाशी जोडलेले आहेत, त्या खानदेशाकडे या चर्चेत आनुषंगिक म्हणून पाहिले गेले. हा प्रदेश हिशेबात धरला, तर मूळ चर्चेतील काही मुद्दे अधिक स्पष्ट होतात आणि काही अधिक अवघड होतात.

बंदर, व्यापारी मार्ग आणि जर

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते आणि तेथून बुऱ्हाणपूर व आग्ऱ्याकडे जाणारा एक मुख्य मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे. इंग्रज राजदूत सर टॉमस रो 1615 मध्ये याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात नवापूरचा उल्लेख विणकरांनी भरलेले मोठे गाव असा केला असून तेथील बारीक दाण्याच्या, कस्तुरीसारखा वास असलेल्या तांदळाची वाखाणणीही केली आहे. नवापूरच्या तांदळाचा लौकिक आजही टिकून आहे. त्या विणकरांचे पुढे काय झाले, हे मात्र इतिहासलेखनात फारसे कोणी विचारलेले नाही. मराठी वाचकाला सुरत आठवते ती 1664 आणि 1670 च्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. परंतु या स्वाऱ्यांनीच सुरतेचा व्यापार बुडाला, हा समज टिकणारा नाही. सुरतेची घसरण मोगल सत्तेचे विघटन, अंतर्देशीय मार्गांवरील असुरक्षितता आणि मुंबईचा उदय या कारणांनी अठराव्या शतकात हळूहळू होत गेली.

एकोणिसाव्या शतकात यंत्राने विणलेल्या कापडाच्या आयातीने भारतीय कारागीर देशोधडीला लागला, हे राष्ट्रवादी अर्थशास्त्राचे जुने प्रतिपादन आहे. अमेरिकन इतिहासकार डग्लस हेन्स यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारतातील लहान शहरांचा अभ्यास करून या प्रतिपादनाला मुरड घातली. सुरत, भिवंडी, मालेगाव, सोलापूर या गावांतील विणकर आणि जरीकारागीर पूर्णपणे नष्ट झाले नाहीत, तर त्यांनी वाण बदलले, बाजारपेठा बदलल्या आणि विसाव्या शतकात वीज व लहान यंत्रे आपलीशी केली, असे त्यांचे म्हणणे आहे. सुरतेपुरते हे म्हणणे जरीच्या उदाहरणाने विशेष पटते. चांदीची तार ओढून ती चपटी केली की तिला बादला म्हणतात आणि हा बादला रेशमी वा सुती दोऱ्यावर गुंडाळला की कसब तयार होतो. ही कामे घरोघरी वाटली जात आणि त्यांत राणा समाजाचा वाटा मोठा होता. युरोपातून, विशेषतः फ्रान्समधून, येणाऱ्या स्वस्त जरीने विसाव्या शतकाच्या आरंभी या धंद्याला ग्रासले होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या आयातकरांनी त्याला श्वास घ्यायला जागा दिली आणि त्याच काळात विजेवर चालणारी यंत्रे घराच्या ओसरीत आली.

कृत्रिम रेशीम ते पॉलिएस्टर

यंत्रमाग सुरतेत 1930 च्या दशकात दिसू लागले आणि त्यांवर रेयॉनचे, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या कृत्रिम रेशमाचे, कापड निघू लागले. स्वातंत्र्यानंतर मोठ्या गिरण्यांच्या मागसंख्येवर आलेल्या मर्यादा, आयात सुताचे परवाने आणि लहान घटकांना मिळालेल्या करसवलती यांनी विखुरलेल्या यंत्रमागाला अनुकूल परिस्थिती निर्माण केली. उकाई धरणाचे काम 1972 मध्ये पुरे झाले आणि तापीचे पाणी व वीज शहराला अधिक भरवशाने मिळू लागली. ही गोष्ट सुरतेच्या औद्योगिक इतिहासात एका वाक्यात येते. तीच गोष्ट नवापूर-नंदुरबारच्या बाजूने पाहिली तर त्या जलाशयात महाराष्ट्राच्या हद्दीतील आदिवासी गावेही बुडाली, हे त्या वाक्याला जोडावे लागते. 1982 च्या संपानंतर मुंबईचे गिरणगाव मोडकळीस आले, 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरील निर्बंध सैल केले आणि 1990 च्या दशकात हजिऱ्याच्या परिसरात पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने उभे राहिल्यावर पॉलिएस्टर धागा शहराच्या दाराशी तयार होऊ लागला. 1961 मध्ये सुमारे 2 लाख 88 हजार लोकवस्तीचे असलेले शहर 2011 च्या जनगणनेत 44 लाख 67 हजारांवर पोहोचले; या वाढीत शहराच्या हद्दवाढीचा भाग असला, तरी मुख्य भाग स्थलांतराचाच आहे.

पट्ट्याची रचना

या पट्ट्याचे वैशिष्ट्य असे, की कापडाचा एक ताका, म्हणजे मागावरून उतरलेली एक लांब घडी, पूर्ण होण्यापूर्वी अनेक मालकांच्या हातांतून जातो. धाग्याला पीळ देणारा एक, ताणा भरून बीम तयार करणारा दुसरा, विणणारा तिसरा. विणकाम ज्या शेडमध्ये होते तिला स्थानिक बोलीत ‘खाते’ म्हणतात. तेथून निघालेले कोरे, न रंगवलेले कापड ‘ग्रे’ या नावाने विकले जाते आणि पांडेसरा, सचिन, कडोदरा, पलसाणा येथील रंगाई-छपाईच्या कारखान्यांत जाते, ज्यांना सुरतेत सरसकट ‘मिल’ म्हटले जाते. मुंबईच्या किंवा अमळनेरच्या वाचकाला मिल म्हणजे सूतगिरणी वाटेल. सुरतेत ती तशी नसते. छापलेले कापड पुन्हा शहरात येते, त्यावर भरतकामाची यंत्रे चालतात, लेस लागते, खडे व टिकल्या चिकटवल्या जातात, कडेला पिको होतो, घडी घातली जाते आणि रिंग रोडवरील दीडशेहून अधिक मार्केटांपैकी एखाद्यातल्या दुकानातून पार्सल देशभर रवाना होते. यातील प्रत्येक टप्पा बहुधा ‘जॉबवर्क’ असतो, म्हणजे माल एकाचा आणि मजुरीने काम करणारा दुसरा. यंत्रमागांची संख्या उद्योगातील संघटना सहा लाखांहून अधिक सांगतात.

टिकल्या, खडे आणि लेस यांचे काम प्रामुख्याने लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत घरोघरी स्त्रिया करतात आणि त्यांत खानदेशातून आलेल्या मराठी व अहिराणी बोलणाऱ्या स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. साडीमागे मजुरी ठरते, साडी पोचवणारा आणि परत नेणारा मध्यस्थ असतो आणि काम बिघडले तर कापलेली रक्कम स्त्रीच्याच माथी येते. पट्ट्याच्या अर्थव्यवस्थेतील हा सर्वात कमी मोजला गेलेला भाग आहे, कारण त्याची नोंद ना कारखान्याच्या हजेरीपटात असते ना दुकानाच्या वहीत.

पहिला वाद : लहान भांडवलाचे यश की असंघटित श्रमाची किंमत

पट्ट्याच्या स्वरूपाविषयीच्या चर्चेत दोन भूमिका ठळक आहेत. पहिली भूमिका औद्योगिक अर्थशास्त्रातून आलेली आहे. पिओरे आणि सेबल या अमेरिकन अभ्यासकांनी 1984 मध्ये असे मांडले, की इटलीतील प्रातो शहरासारख्या ठिकाणी एकमेकांशेजारी असलेले शेकडो लहान घटक मागणीनुसार झटकन वाण बदलू शकतात आणि म्हणून ते मोठ्या कारखान्याला भारी पडतात. सुरतेला हे वर्णन लागू करणारे अभ्यासक कामाची विभागणी, ओळखीवर चालणारी उधारी, थोड्या भांडवलावर धंद्यात शिरण्याची सोय आणि आठवड्यागणिक बदलणारी नक्षी यांकडे बोट दाखवतात. कालचा कारागीर उद्या चार मागांचा मालक होऊ शकतो, हा या भूमिकेचा आवडता दाखला असून तो खोटा नाही.

दुसरी भूमिका डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांच्या नावाशी जोडली जाते. 1962 पासून दक्षिण गुजरातेत सातत्याने काम करणाऱ्या ब्रेमन यांनी 1996 च्या ग्रंथात असे दाखवले, की या लवचिकतेचा भार मुख्यतः मजुरावर पडतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या, मीटरवर ठरणारी मजुरी, मंदी आली की तत्काळ सुट्टी आणि कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी कागदोपत्री तोडलेले कारखाने ही त्यांच्या मते अपवादात्मक अनागोंदी नसून व्यवस्थेचा पाया आहे. 1948 च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा होती. ती वीसपर्यंत नेणारी नवी श्रमसंहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्याने लहान खात्यांच्या बाबतीत हा मुद्दा निकालात निघण्याऐवजी पुढे सरकला आहे.

दोन्ही भूमिका एकाच वास्तवाच्या दोन वेगळ्या पातळ्यांकडे पाहतात, असे म्हणून वाद मिटवण्याचा मोह होतो, पण त्याने प्रश्न सुटत नाही. वर चढण्याची संधी कोणाला मिळाली, हा त्यामागचा खरा कळीचा प्रश्न आहे. खत्री, राणा आणि नंतर सौराष्ट्रातून आलेले पाटीदार यांना जातीच्या नात्यातून पत आणि जागा मिळाली. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेला, एकटा राहून खानावळीत जेवणारा मागकामगार दशके लोटली तरी बहुतेक मागकामगारच राहिला. खानदेशी माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी आहे.

खानदेशी वस्ती आणि घाटापलीकडचे स्थलांतर

धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या सपाटीवरील गावांतून सुरतेला होणारे स्थलांतर तापी खोऱ्यातील रेल्वेने सोपे केले. 1900 च्या सुमारास सुरत-भुसावळ मार्ग खुला झाला आणि खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा ही स्थानके एका रात्रीच्या अंतरात सुरतेशी जोडली गेली. 1960 च्या राज्यनिर्मितीनंतर याच मार्गावरील नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत राहिले. तिकीट एका राज्यात काढून गाडी दुसऱ्या राज्यात धरावी लागते, हे तेथील प्रवाशाला नवलाचे वाटत नाही. स्थलांतरित खानदेशी माणूस ओडिया कामगाराच्या तुलनेत अधिक प्रमाणात कुटुंबासह स्थायिक झाला. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या शाळा चालवल्या. लिंबायत हा विधानसभा मतदारसंघ 2008 च्या फेररचनेत निर्माण झाला आणि 2012 पासून तेथून संगीता पाटील निवडून येत आहेत, तर जळगाव जिल्ह्यात जन्मलेले चं. रा. पाटील 2009 पासून नवसारी लोकसभा मतदारसंघाचे खासदार आहेत. सत्तेतील हे स्थान आणि कापडधंद्यातील स्थान यांत अंतर आहे : मार्केटातील मोठ्या पेढ्या प्रामुख्याने मारवाडी, सिंधी, पंजाबी आणि गुजराती घराण्यांच्या हाती आहेत आणि खानदेशी माणूस माग, भरतकाम, घडीकाम, वाहतूक यांत अधिक दिसतो.

विसरवाडीच्या आसपासच्या गावित, मावची, कोकणी आणि भिल्ल वस्तीचे स्थलांतर मात्र या चित्रात सहज बसत नाही. ते ऐतिहासिकदृष्ट्या कापडाकडे न जाता उसाकडे गेले. बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांना ऊस तोडून देणाऱ्या खानदेशी ‘कोयत्यां’चा, म्हणजे जोडप्याने बांधलेल्या तोडणी गटांचा, अभ्यास ब्रेमन यांनीच 1970 च्या दशकात केला आणि मुकादमाने दिलेल्या उचलीतून बांधली जाणारी मजुरी त्यांनी नोंदवली. एकाच महामार्गाने जाणारे हे दोन प्रवाह वेगवेगळ्या मुक्कामांना का थांबले, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. आदिवासी कुटुंब पावसाळ्यात शेतीकडे परतते म्हणून बारमाही मागाकडे वळले नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मागावर माणूस ठेवताना ओळखपाळख लागते आणि ती जातभाईंच्या साखळीतून येते, त्या साखळीत आदिवासीला शिरकाव नव्हता, हे दुसरे. उपलब्ध पुरावा दुसऱ्याकडे अधिक झुकतो, कारण बांधकाम आणि वीटभट्टीसारख्या ओळखीची अट नसलेल्या कामांत हेच लोक सुरतेत वर्षानुवर्षे दिसत आले आहेत.

दुसरा वाद : कापडाचे शहर की फॅशनचे

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील गारमेंट डिस्ट्रिक्ट किंवा उल्हासनगरचा जीन्सचा धंदा यांची ओळख शिवलेल्या कपड्याने झाली. सुरतेची ओळख न शिवलेल्या कापडाची आहे. साडी आणि ड्रेस मटेरियल यांना विकण्यापूर्वी शिलाई जवळपास लागत नाही, म्हणून शिवणकामाचे कौशल्य येथे मोठ्या प्रमाणावर वाढले नाही, आणि साडीचा रोजचा वापर कमी होत असताना हे शहर तयार कपड्यांकडे वळू शकेल का, हा उद्योगातील चिंतेचा विषय आहे. कुर्ती आणि तयार ब्लाउज यांत काही वाढ झाली आहे. पण तयार कपड्यांत मोठी मजल मारण्यासाठी कुशल शिलाई कामगार आणि दर्जाची एकसारखी हमी लागते, जी जॉबवर्कच्या तुटक साखळीत देणे कठीण जाते.

नक्षीविषयीचा वाद मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. येवला-पैठणचा विणकर महिनोन्महिने बसून विणतो त्या पैठणीच्या पदरासारखा पदर सुरतेचा माग अल्पकाळात आणि अत्यल्प किमतीत काढतो, आणि असा माल ‘सेमी पैठणी’ या नावाने महाराष्ट्रभर विकला जातो. हातमागाच्या बाजूने ही उघड नक्कल ठरते. काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा 1985 चा कायदा आणि पैठणीला मिळालेले भौगोलिक मानांकन असूनही ती थांबत नाही. व्यापाऱ्यांच्या बाजूने उत्तर असे, की येवल्याची साडी ज्या घरात कधीच गेली नसती, त्या घरातील मुलीच्या लग्नात सुरतेची साडी जाते आणि हे दोन वेगळे ग्राहक आहेत. हा युक्तिवाद स्वस्त मालापुरता मान्य करता येतो. ज्या दुकानात यंत्रावरची साडी हातमागाची म्हणून विकली जाते, तेथे तो लागू पडत नाही.

पाणी, आग आणि कर

1994 च्या सप्टेंबरातील प्लेगच्या साथीत लाखो लोकांनी शहर सोडले आणि त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराच्या स्वच्छतेत झालेला बदल देशभर नावाजला गेला. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. रंगाई-छपाईच्या सांडपाण्याचा प्रश्न या दोन्हींहून चिवट ठरला आहे. जानेवारी 2022 मध्ये सचिन येथे टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगारांचा मृत्यू झाला आणि सामायिक सांडपाणी प्रक्रियेच्या व्यवस्थेला वळसा घालून काय चालते, हे त्यातून उघड झाले. मार्केटांतील आगी, ज्यांत फेब्रुवारी 2025 मधील शिवशक्ती मार्केटची आग ठळक आहे, दाटीवाटीच्या रचनेचा दुसरा दोष दाखवतात.

कराच्या बाबतीत 2017 हे वर्ष सीमारेषा मानले जाते. तोपर्यंत कापडावर विक्रीकर नसल्याने व्यवहाराचा मोठा भाग कच्च्या चिठ्ठीवर चालत असे. वस्तू व सेवा कराने प्रत्येक टप्पा बिलात आणला आणि जुलै 2017 मध्ये मार्केटे दीर्घकाळ बंद राहिली. धाग्यावर कापडापेक्षा जास्त कर, ही विणकरांची तक्रार सप्टेंबर 2025 च्या दरबदलात बऱ्याच अंशी दूर झाली.

नवापूरकडे सरकणारा माग

गेल्या दशकात सुरतेतील काही विणकर-उद्योजकांनी नवापूरच्या औद्योगिक क्षेत्रात माग बसवले. महाराष्ट्राच्या 2018 ते 2023 आणि 2023 ते 2028 या काळांच्या वस्त्रोद्योग धोरणांतील भांडवली अनुदान, विजेच्या दरातील सवलत, शहराच्या तुलनेत स्वस्त जमीन आणि सुरतेचा बाजार त्याच दिवशी गाठता येईल इतके जवळचे अंतर ही त्याची कारणे आहेत. गुजरातने 2024 मध्ये नवे वस्त्रधोरण जाहीर केले आणि नवसारीजवळ केंद्राच्या योजनेतील वस्त्रोद्यान मंजूर झाले, त्यामुळे सवलतींची ही स्पर्धा दोन्ही बाजूंनी चालू आहे.

या स्थलांतराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. समर्थकांच्या मते ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडणाऱ्या तालुक्यात प्रथमच बारमाही कारखानी काम येत आहे आणि विसरवाडी, खांडबारा, चिंचपाडा या गावांतील तरुण रोज घरी परतून ते करू शकतो. शंका घेणारे आठवण करून देतात, की नवापूर तालुका पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र असून 1996 च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना विशेष अधिकार आहेत. अनुदान संपल्यावर माग तितक्याच सहजतेने दुसरीकडे जाऊ शकतात, आणि पुढच्या टप्प्यात रंगाईचे कारखाने आले तर सचिन-पांडेसऱ्याचा सांडपाण्याचा प्रश्न रंगावली नदीच्या काठी येईल. माग चालवण्याचे कौशल्य स्थानिकाला शिकवले जाते की सुरतेतील अनुभवी परप्रांतीय कामगारच आणून ठेवले जातात, यावर समर्थकांच्या युक्तिवादाचे वजन अवलंबून आहे.

अनिर्णित बाबी

हेन्स यांचा अभ्यास स्वातंत्र्योत्तर काळाच्या पहिल्या टप्प्यापाशी थांबतो आणि ब्रेमन यांचे मुख्य क्षेत्रकार्य पॉलिएस्टरच्या आजच्या विस्तारापूर्वीचे आहे; त्यामुळे संगणकावर चालणारी भरतकाम यंत्रे, वेगवान माग आणि ऑनलाइन विक्री यांनी कारागीर व मालक यांच्या नात्यात काय फरक पडला, हे जुन्या चौकटीतून वाचता येत नाही. घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीची सलग नोंद करणे हे त्यापुढचे काम आहे आणि ते सुरतेतील मराठी वस्तीत अहिराणी जाणणाऱ्या अभ्यासकाला तुलनेने सोपे जावे. महाराष्ट्राच्या बाजूने आणखी एक काम शिल्लक आहे. नवापूरच्या मागांवर तयार होणारे ग्रे कापड रंगायला आणि विकायला सुरतेलाच परत जाते, म्हणजे किंमत वाढवणारे टप्पे अजून सीमेपलीकडेच आहेत; हे टप्पे तालुक्यात आणायचे असल्यास पाणी कोणत्या धरणातून घ्यायचे आणि सांडपाणी कोठे सोडायचे, याचा निर्णय कारखानदाराच्या अर्जापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवायचा की नंतर, हे धोरणात स्पष्ट व्हावे लागेल.